अजून मोठ्यानं

सोमवार, ७ जुलै

गोदाच्या शाळेतून बोलावणं आलं होतं. मुलगा हिमांशू ऑफिसात, सून सावनी ऑफिसात, म्हणजे घरात रिकामटेकडे दोनच, मी आणि आमची ही, सरोजिनी. गेलो. नात दुसरीत आहे. तिच्या वर्गशिक्षिका रत्नमाला मॅडम यांनी बसायला खुर्ची अशी दिली की माझे गुडघे हनुवटीला लागले.

तक्रार अशी की गोदा वर्गात बोलत नाही. गणितं बरोबर, अक्षर सुरेख, डबा संपवते. पण उभं करून धडा वाचायला सांगितला की तोंड उघडते आणि आवाज येत नाही. पहिलीत अशी नव्हती म्हणे. "घरी काही झालंय का?" असं मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, काय होणार? उस्मानपुऱ्यात स्वतःचा फ्लॅट, आईवडील दोघं इंजिनिअर, आजीआजोबा हाताशी. सरोजिनी त्या वेळी भिंतीवरचा फळांचा तक्ता फार मन लावून बघत होती.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत फरक पडला नाही, तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, असं मॅडमनी सांगितलं. मनाचे डॉक्टर, पोटाचे नव्हे. आमच्या घराण्यावर आजवर एकच आरोप झाला आहे, तो म्हणजे ही माणसं गप्प बसत नाहीत. त्या घरात हे मुकं लेकरू कुठून आलं?

मग त्यांनी एक छापील कागद हातात ठेवला. मुलांना रोज मोठ्यानं वाचून दाखवण्याचे फायदे. शब्दसंग्रह वाढतो, एकाग्रता वाढते, कल्पनाशक्ती वाढते, घरच्यांशी नातं घट्ट होतं. वाचून मला हसूच आलं. म्हटलं, मॅडम, तुम्ही अगदी योग्य माणसाला सांगितलंत. जिल्हा कोर्टात माझी सगळी नोकरी वाचून दाखवण्यात गेली. साक्षीदाराचा जबाब लिहून झाला की तो त्यालाच वाचून दाखवायचा, म्हणजे मी हेच बोललो असं त्यानं म्हणावं. माझ्या तोंडून स्वतःचाच जबाब ऐकून भले भले घाम पुसत. फारकतीच्या खटल्यात तर नवरा-बायको दोघंही माझ्याकडे असे बघत, जणू भांडण मीच केलंय.

उद्यापासून उपक्रम सुरू. पुढंमागं कुणाला उपयोग व्हावा म्हणून ही दैनंदिनी ठेवतो आहे.

बुधवार, ९ जुलै

काल औरंगपुऱ्यात जाऊन पुस्तकं आणली. हल्लीच्या बालपुस्तकांत चित्रं फार आणि मजकूर इतका की लग्नपत्रिकेत जास्त असतो. त्यातल्या त्यात एक बरं निघालं. एक उंट इमारतीच्या जिन्यात अडकतो आणि त्याला बाहेर काढायला गल्लीतले सगळे येतात, अशी गोष्ट. उंट इमारतीत शिरला कशाला, हा मूळ मुद्दा लेखकानं सोडूनच दिला आहे. कोर्टात टिकला नसता.

आज पहिलं वाचन. रात्रीच्या जेवणाआधी आमच्या खोलीत बसलो. वाचताना मी कानातलं मशीन काढून ठेवतो. ते घातलं की स्वतःचाच आवाज विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो. गोदानं आपण होऊन दार लावून घेतलं. मला कौतुक वाटलं, एकाग्रतेचं महत्त्व तिला न सांगता कळलं होतं.

सुरुवात मी बेतानंच केली. पहिलं पान होतं न होतं तोच ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजोबा, मोठ्यानं."

आवाज चढवला. तरी म्हणाली, "अजून मोठ्यानं."

निवृत्त झाल्यापासून या घरात माझा आवाज वाढवायची विनंती कुणी केली नव्हती. उलटच व्हायचं. गोदाला मी पोटाशी धरलं. रक्त बोलतं म्हणतात, ते उगाच नाही.

मंगळवार, १५ जुलै

उपक्रम जोरात आहे. निरीक्षणं लिहून ठेवतो.

गोदा पुस्तकाकडं बघत नाही. चित्रं दाखवली तरी तिचे डोळे दाराकडं असतात. काल मी विचारलं की उंटाचं नाव काय, तर तिला सांगता आलं नाही. गोष्ट पाचव्यांदा वाचली होती. क्षणभर शंका आली की ही ऐकते तरी का? पण तसं म्हणावं तर मी पाणी प्यायला थांबलो तरी ती माझा हात हलवते. मग वाटलं, ती अर्थाच्या मागं नाही, नादाच्या मागं आहे. गाणं ऐकणारा तरी शब्द कुठं धरून बसतो?

दुसरं, पुस्तकं पुरत नाहीत. पंधरा मिनिटांत उंट सुटतो आणि गोदा म्हणते, अजून. आज पुस्तकं संपली तेव्हा मी पेपर उघडला आणि जाहीर नोटिसा वाचल्या. तमाम लोकांस कळविण्यात येते की सदरहू प्लॉटशी कुणाचा संबंध असल्यास त्यानं योग्य त्या पुराव्यासह हरकत नोंदवावी. या मजकुराला माझा आवाज काय शोभला! त्यानंतर पंचांगातलं भविष्य. त्यानंतर कुकरचं माहितीपत्रक, सुरक्षा झडपेपर्यंत.

मी म्हटलं, बेटा, यातलं काही कळतंय का? तर म्हणाली, "काहीही वाचा, आजोबा. फक्त थांबू नका."

ज्ञानाची अशी भूक मी हिमांशूत कधी पाहिली नाही. त्याला जेवायला बोलावलं तरी दोनदा हाक मारावी लागायची.

रविवार, २० जुलै

आज एका दिवसात तीन वेळा वाचन. सकाळी चहाच्या वेळी, दुपारी मी डुलकी काढत असताना आणि संध्याकाळी. तिन्ही वेळा गोदाच पुस्तक घेऊन धावत आली. दुपारी तर तिनं मला गदागदा हलवून उठवलं. इतर दिवशी असं होत नाही. माझा निष्कर्ष असा की रविवारी आई-बाबा दोघंही घरी असल्यानं पोरीला हुरूप येतो.

घशासाठी ज्येष्ठमध चघळतो आहे.

एक आनंदाची नोंद. मशीन घाला, मशीन घाला म्हणून सरोजिनी गेली दोन वर्षं माझ्या मागं लागली होती. आज मी वाचायला बसताना चुकून घालत होतो, तर तीच म्हणाली, राहू द्या हो, तुम्हाला घुमतं ना. इतक्या वर्षांच्या संसारात माझं म्हणणं तिला पहिल्यांदा पटलं. वाचनाचे फायदे फक्त मुलांनाच होतात असं नाही.

शनिवार, २६ जुलै

लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचा बद्रीनाथ भेटला. मूळचा सिल्लोडकडचा, औषधांची एजन्सी आहे, माणूस मोकळा. मला वाटलं आवाजाची तक्रार करणार, म्हणून मीच विषय काढला. म्हटलं, त्रास होत असेल तर सांगा.

"नाय हो काका," तो म्हणाला. "तुमचा आवाज लई दमदार. पार आमच्या हॉलात येतो. उलट बरं झालं तुम्ही चालू केलं. आधी वरून काय काय ऐकू यायचं, लेकरं इचारायची आम्हाला. टीव्ही वाढवून ठेवायला लागायचा. आता नुस्ता उंटच ऐकू येतो बघा."

सरोजिनीच्या मालिकांचा आवाज खालपर्यंत जात होता तर! घरी येऊन तिला सांगितलं, टीव्ही जरा हळू लावत जा, शेजारी सभ्य आहेत म्हणून बोलत नाहीत. ती भाजी चिरत राहिली.

रविवार, १७ ऑगस्ट

श्रावण आहे म्हणून सगळे वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला गेलो. हिमांशू गाडी चालवत होता, सावनी त्याच्या शेजारी, मागं आम्ही तिघं. पुस्तक घरी राहिलं होतं. मी म्हटलं, आज उपक्रमाला सुट्टी. पडेगाव ओलांडलं असेल नसेल, गोदा म्हणाली, "आजोबा, पाट्या वाचा."

वाचल्या. रस्त्यावरची एक पाटी सोडली नाही. अस्सल गावरान जेवण. येथे पंक्चर काढून मिळेल. प्लॉट विकणे आहे. दौलताबादच्या पुढं सीताफळाच्या आणि पेरूच्या पाट्या, मग एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक, त्यावरची शुभेच्छुकांची सगळी नावं. पाटी संपून मधे मोकळं रान आलं की गोदा बेचैन व्हायची. मग मी पुढच्या ट्रकच्या मागचं वाचायचो. पुढं बसलेले दोघं तोंडातून ब्र काढत नव्हते. दोघांनाही ऐकण्याची गोडी लागली आहे, हे बघून बरं वाटलं.

घाटात सावनी म्हणाली, बाबा, बास ना आता, डोकं दुखतंय. गोदा म्हणाली, वाचा. मी नातीचं ऐकलं. तेव्हा हिमांशूनं गाडी कडेला घेतली आणि दोघं खाली उतरले. काचा बंदच होत्या. पाऊस थांबून ऊन पडलं होतं, डोंगर हिरवागार, आणि दोघं हात लांब करकरून एकमेकांना निसर्ग दाखवत होते. बराच वेळ. आमच्या वेळी बायकोबरोबर असं रस्त्यात उभं राहायची सोय नव्हती. सरोजिनीला मी तसं म्हटलं, तर तिनं पदर डोळ्यांना लावला. तिलाही जुने दिवस आठवले असावेत.

परत येताना पाट्या त्याच होत्या. गोदा म्हणाली, चालेल.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

घरी गणपती आहेत, त्यामुळे लिहायला सवड नाही. थोडक्यात.

हिमांशूची पाठ धरली आहे. तो हॉलमध्ये जमिनीवर गादी टाकून झोपतो. सरोजिनी म्हणते, कडक अंथरूण पाठीला चांगलं.

सावनीला कंपनीनं पुण्याच्या कचेरीत बोलावलं आहे, बढतीवर. शनिवार-रविवारी जाऊन येते. माहेर तिथलंच असल्यानं राहायची सोय होते. मी अभिनंदन केलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली. "थँक यू, बाबा," म्हणाली आणि मोदकाच्या सारणात गूळ दोनदा घातला.

आरतीच्या वेळी धूप जास्त झाला. सगळ्यांचे डोळे पाणावले होते.

बुधवार, ३ सप्टेंबर

रत्नमाला मॅडमचा फोन. फरक नाही. उलट आता मधल्या सुट्टीतही बोलत नाही.

खोटं कशाला लिहू, मला फार लागलं. दोन महिने घसा फोडतो आहे. छापील कागद पुन्हा वाचला. सगळे फायदे दिलेत, पण होत नसतील तर काय करावं, हे कुठंच नाही. मग वाटलं, मात्रा कमी पडते आहे. आवाज आणखी वाढवला पाहिजे. ज्येष्ठ नागरिक संघानं मला याच विषयावर बोलायला बोलावलं आहे, येत्या चौदा तारखेला. नातीला वाचा फुटलेली नाही, हे तिथं कसं सांगू? जाऊ दे, फायदे तेवढे सांगावेत.

सोमवार, ८ सप्टेंबर

व्याख्यानात प्रात्यक्षिक हवं म्हणून आजचं वाचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलं. बद्रीनाथनं बटण कुठलं ते दाखवून ठेवलं होतं. मोबाइल टेबलावर उभा केला तेव्हा गोदा म्हणाली, "हे नको ना, आजोबा. रेकॉर्ड नको." मी म्हटलं, अगं, तुझा नाही, माझा आवाज येणार आहे. तरी तिनं दोनदा मोबाइल पालथा घातला. लाजरी आहे. शेवटी मी जरा दरडावलं, तेव्हा गप्प बसली.

उंट आज असा काही वाचला की जिना हलला असेल. मोबाइलवर लावून पाहिलं, पण त्या एवढ्याशा भोकातून मला धड काही ऐकू येत नाही. सभागृहात स्पीकरवर ऐकीन.

रविवार, १४ सप्टेंबर

आज झालं ते जसंच्या तसं लिहितो.

संघाचा हॉल भरला होता. मी जाकीट घातलं, आणि समारंभ म्हणून कानात मशीन. प्रश्न विचारले तर ऐकू यायला हवेत. अर्धा तास बोललो. शब्दसंग्रह, एकाग्रता, नातं. मग म्हटलं, आता प्रत्यक्ष ऐका. मोबाइल स्पीकरला जोडला होता. माझा आवाज हॉलभर पसरला. खणखणीत. मला अभिमान वाटला, तो शेवटचा.

पहिलं पान संपलं. पान उलटायला मी थांबलो असणार. त्या फटीत सावनीचा आवाज आला. दाराच्या पलीकडून, पण स्पष्ट. "ती माझ्याबरोबर पुण्याला येणार. दिवाळीनंतर. विषय संपला."

मग मी, उंट, गल्ली. पुन्हा पान. हिमांशू ओरडत होता. माझा हिमांशू, ज्याला दोनदा हाक मारावी लागते तो. "माझी मुलगी आहे ती, तुझं सामान नाही."

पुन्हा उंट. मग काहीतरी पडल्याचा आवाज, भांडं असेल. आणि त्यानंतर, मोबाइलच्या अगदी जवळून, कुजबुज. "आजोबा, पुढं. थांबू नका ना. मोठ्यानं."

मोबाइल कुठून बंद करायचा ते मला सुचेना. मी नुसता उभा राहिलो. माझाच आवाज माझ्या अंगावर येत होता, आणि प्रत्येक पानाला तो थांबला की ते. समोर बघितलं. माझ्या वयाची माणसं, निम्म्यांच्या कानात काही नाही, उरलेल्या निम्म्यांच्या मशीनचे सेल संपलेले. सगळे प्रसन्न. फक्त सरोजिनी दुसऱ्या रांगेत मांडीवरच्या पर्सकडे बघत होती.

टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी आभार मानताना सांगितलं की व्यंकटरावांची वाणी अजून तशीच आहे, आणि घरातली सगळी मंडळी या उपक्रमात उत्साहानं सामील आहेत, हेही ध्वनिफितीवरून जाणवलं. मग पोहे होते. मी खाल्ले. काय करणार?

सोमवार, १५ सप्टेंबर

सरोजिनीशी बोललो. म्हणजे ती बोलली. मार्चपासून चाललं आहे. दोघांचं पटत नाही, कारण विचारलं तर सकाळचं एक आणि संध्याकाळचं दुसरं. वेगळं राहायचं हे दोघांनाही मान्य आहे. गोदा कुणाकडे राहणार, यावर अडलं आहे. आता दिवाळीपर्यंत ओढाताण, आणि मग वकील. वकिलाकडून कुठं जायचं, ते मला कुणी सांगायला नको. कोर्टाच्या त्या जिन्यानं जाणारी माणसं मी जन्मभर पाहिली. त्यांची लेकरं बाकावर बसलेली असायची, हातात बिस्किटाचा पुडा. मी त्यांच्याकडे कधी नीट बघितलं नाही. मला पुढचा जबाब वाचायचा असायचा.

मी चिडून विचारलं, मला का नाही सांगितलंस? घरातला कर्ता मी. खालच्या बद्रीनाथला माहीत, मला नाही?

सरोजिनी म्हणाली, "तुम्हाला सांगून काय झालं असतं? तुम्ही मधे पडून मोठ्यानं निकाल दिला असता. त्यात संसार मोडेना का, तुम्ही दिला असता. शिवाय तुमचं बीपी. गोदालाही मीच बजावलं होतं, आजोबांना काही कळू द्यायचं नाही."

म्हणजे दोन महिने ते लेकरू एकीकडून कान झाकत होतं आणि दुसरीकडून मला. आणि मी तिला उंटाचं नाव विचारत होतो. माझी मलाच लाज वाटली. छापील कागद फाडून टाकावासा वाटला, पण त्याचा काय दोष? त्यात सगळं खरंच लिहिलं आहे.

संध्याकाळी ती पुस्तक घेऊन आली तेव्हा मशीन कानात ठेवूनच वाचलं. आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमत होता. घुमू दे म्हटलं. पलीकडून येणारा एकेक शब्द मला ऐकू येत होता, आणि मी जीव खाऊन वाचत होतो. आता मला ठाऊक होतं की कशासाठी वाचतो आहे. तिसऱ्या पानावर आवाज फाटला.

बुधवार, १७ सप्टेंबर

आवाज पूर्ण बसला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि म्हणाले, या वयात इतकं ओरडायचं कारण काय? मी सांगणार कसा? दहा दिवस मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही.

काल संध्याकाळी गोदा दारात येऊन उभी राहिली आणि पुस्तक तसंच घेऊन परत गेली. बाथरूममध्ये जाऊन तिनं नळ सोडला. बराच वेळ सोडून ठेवला होता. पाणी वाया जातंय म्हणून सावनी तिला रागावली.

आज मी सकाळी हिमांशूला आणि सावनीला, दोघांनाही हातानं खुणा करून बसवायचा प्रयत्न केला. दोघांना वाटलं, मला काढा हवा आहे. सावनीनं करून दिला. हिमांशूनं तो फुंकून गार केला. दोघंही वाईट नाहीत, हे लिहून ठेवतो. त्यांच्यातलं एक जरी वाईट असतं तर सोपं गेलं असतं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

रविवारपासून मी मशीन झोपतानाच काय ते काढतो. दोन वर्षं घालायचा कंटाळा, आता काढायची हिंमत होत नाही.

आज दोघंही लवकर आले. स्वयंपाकघरात सुरू झालं. पुण्याच्या शाळेचा फॉर्म सावनीनं परस्पर भरला, त्यावरून. सरोजिनी मधे मधे हळू, हळू म्हणत होती, तेही ऐकू येत होतं.

गोदा धावत आली. दार लावलं, कॉटवर चढली, पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. मग तिला आठवलं की माझा आवाज नाही. तिनं दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मग माझ्या कानाकडं. मशीन बघून तिचा चेहरा असा झाला की तो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"आजोबा, मशीन काढा ना," ती म्हणाली. "तुमचा कान दुखेल."

मी मान हलवली, दुखत नाही.

"काढा ना. मी वाचते आज. मी मोठ्यानं वाचते. तुम्हाला मशीन लागणारच नाही."

दिवाळीपर्यंत जे व्हावं म्हणून मी जुलैपासून घसा फोडत होतो, ते ती स्वतः होऊन म्हणत होती. मला रडू आलं. मी उठलो आणि दार सताड उघडलं. ती झेपावली बंद करायला. मी दारात पाय घातला आणि नाही म्हणून मान हलवली. तिला काही कळेना. ओरडण्याचा आवाज आता सरळ आत येत होता. दाराला खुर्चीचा अडसर लावून मी परत कॉटवर, दाराकडं तोंड करून बसलो. ती परत माझ्याजवळ आली, हात लांब करून माझ्या कानातलं मशीन तिनं स्वतःच काढलं आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं. नीट, आत सरकवून. मी काढू दिलं.

मग ती कॉटवर माझ्याकडं तोंड करून उभी राहिली, पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली. मशीनशिवाय मला माणसाचं बोलणं पुसट ऐकू येतं, पण ते ऐकू आलं. उंट ऐकू आला, जिना ऐकू आला, गल्लीतली माणसं ऐकू आली. मानेच्या शिरा ताणल्या होत्या, चेहरा लाल झाला होता, श्वास घ्यायलासुद्धा ती थांबत नव्हती. रत्नमाला मॅडमना फोन लावावा, असा एक मूर्ख विचार माझ्या मनात येऊन गेला.

तिच्या मागं, उघड्या दारातून, पॅसेजमध्ये हिमांशू आलेला दिसला. मग सावनी. तो या भिंतीला, ती त्या भिंतीला. दोघंही हलले नाहीत. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. गोदाकडं बघत होते, आणि तिची त्यांच्याकडं पाठ होती.

ते किती वेळ उभे होते, सांगता येणार नाही. त्यांचं पुण्याचं काय ठरेल, तेही नाही. मी फक्त गोदाचं तोंड बघत होतो. ते पूर्ण उघडत होतं, मग हळूहळू कमी उघडायला लागलं. मानेच्या शिरा खाली बसल्या. तिनं खांदे सैल सोडले आणि माझ्याजवळ बसली. त्यावरून मला कळलं की बाहेर शांत झालं आहे.

तिनं पान उलटलं आणि पुढचं इतकं हळू वाचलं की मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी मान डोलावत राहिलो.